कुठला सर घेऊ, दादा?

तिसरी पाळी संपवून सकाळी घरी जाताना मी वस्तीतल्या अभ्यासिकेत डोकावतो. ही माझी खोड आहे. पंख्याखाली आपली पोरंपोरी पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसली की अंगात भरलेली गोदी जरा उतरते. परवा डोकावलो तर पुस्तकं मिटलेली. सगळी एका चार्टपेपराभोवती गोळा झालेली. भिंतीवर बाबासाहेब, खाली हा कागद, कागदावर तीन रकाने. विषय. शिकवणाऱ्याचं नाव. शेरा.

शेरे वाचले. 'हजेरी लावतात, बसायची गरज नाही.' 'नोट्स देतात, बाहेरचं काही येत नाही.' 'इंटर्नलला सगळ्यांना भरपूर.' 'स्वभाव चांगला.' आणि दोन नावांपुढं तांबड्या पेनानं : 'डेंजर. घेऊ नका.'

मी विचारलं, हे काय? एक पोरगा म्हणाला, 'दादा, २०२० च्या नव्या धोरणानं विषय निवडायची मुभा दिलीय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. नवीन पोरांना काही कळत नाही. येऊन विचारतात, कुठला विषय घेऊ, कुठला सर घेऊ. म्हणून यादी करतोय. आवडत्या सरांची.'

आवडते सर! माझं डोकं सटकलं. रात्रभर पाठीवर आणि डोळ्यांवर काम घेऊन आलेला माणूस मी. तिथं बोललो ते बोललोच. घरी येऊन झोप लागेना, म्हणून उठून हे लिहायला घेतलं. मी दहावी पास आहे. कॉलेज मी फक्त बाहेरून पाहिलंय. ज्याला कॉलेज माहीत नाही त्यानं प्रोफेसरांवर काय म्हणून लिहावं, असं कुणा शहाण्याला वाटत असेल तर त्यानं इथंच पान उलटावं. पण मित्रांनो, तुमच्या फियांमध्ये आमच्या पाळ्या आहेत. आणि केलेल्या पाळीचा हिशेब मागायला मॅट्रिकच्या पुढचं शिक्षण लागत नाही.

गोदीतही यादी असते. कागदावर नसते, तोंडावर असते. नवा पोऱ्या टोळीत आला की चहाच्या टपरीवर हळूच विचारतो, कुठला मुकादम चांगला? पहिल्या महिन्यात त्याला वाटतं, जो दम खाऊ देतो तो चांगला. उशीर झाला तरी हजेरी लावतो तो चांगला. आईबहीण काढत नाही तो चांगला. मलाही असंच वाटायचं. माझा बाप याच गोदीत खपला. त्यानं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, 'माल उचलायच्या आधी जो दोर बघतो, तो मुकादम चांगला. बाकीचे नुसते गोडबोले.' कारण तारेच्या दोराचे धागे तुटलेले असले आणि क्रेननं पोलादाची कॉइल तशीच वर घेतली, तर खाली मुकादम उभा नसतो. आपण उभे असतो.

न शिकवता हजेरी लावणारा, गोड हसणारा, मार्क वाटणारा सर हा दोर न बघणारा मुकादम आहे. तीन वर्षं मजेत जातात. माल वर चढत जातो. मग तुम्ही स्पर्धा परीक्षेला बसता, मुलाखतीला जाता, समोरचा एक साधा प्रश्न विचारतो आणि दोर तुटतो. तेव्हा खाली तो सर नसतो. तो वर पुढच्या बॅचला हसवत असतो.

आणि हेही नीट समजून घ्या. सोपा सर सगळ्यांना सारखा सोपा नसतो. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटं आहेत, ज्यांचा मामा वकील, आत्या डॉक्टर आणि शेजारी बँकेचा मॅनेजर, त्यांना सर शिकवो न शिकवो. त्यांचं कॉलेज जेवणाच्या टेबलावर चालतं. त्यांना हजेरी मिळाली की काम झालं, बाकीचं क्लासात विकत मिळतं. आपल्याकडं काय आहे? दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं, एक टीव्ही आणि पलीकडच्या भिंतीवरचं भांडण. आपल्याला आहे तो एकच तास, वर्गातला. तोही 'बसायची गरज नाही' म्हणून आपण सोडून दिला तर उरलं काय? फुकट वाटलेले मार्क म्हणजे आपल्यावर केलेली कृपा नव्हे. आपल्या वाटणीचं ज्ञान आपल्याकडून घाऊक भावात परत विकत घेतलंय त्यांनी, आणि तेही आपल्याच सहीनं.

हे सगळं मी तिथं उभ्यानं ओकलो. सगळी गप्प. मग कोपऱ्यातली एक पोरगी बोलली. सायन्सला आहे. आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, 'दादा, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही शेरे वाचले, ते आम्ही का लिहिले ते नाही विचारलं. आम्ही सोपा सर नाही शोधत. आडनाव ऐकल्यावर ज्याचा चेहरा बदलत नाही असा सर शोधतोय. ते कागदावर लिहायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितो, स्वभाव चांगला.'

मी गार पडलो.

तिनं पुढं सांगितलं. पहिल्या दिवशी ओळखपरेड. नुसतं नाव नाही, पूर्ण नाव. मग गाव. मग हसत हसत, कुठल्या यादीतून अॅडमिशन? त्या दिवसापासून तिच्याकडं बघून कुणी शिकवलं नाही. प्रॅक्टिकलला उपकरण शेवटी. तोंडी परीक्षेत शेजारणीला दोन प्रश्न, तिला नऊ, आणि नववा चुकला की मान हलवून म्हणायचं, 'असू दे, तुम्हाला काय, तुमचं होऊन जातं.' ती म्हणाली, 'इंटर्नलला सगळ्यांना भरपूर, याचा अर्थ एवढाच की तिथं आडनाव बघून मार्क कापत नाहीत. आमच्यासाठी ती चैन नाही दादा. आमचा तो आडोसा आहे.'

ही एका पोरीची रडकथा म्हणून कुणी झटकून टाकू नये. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. देशातलं सगळ्यात नावाजलेलं डॉक्टरीचं कॉलेज ते. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या पोरांनी समितीला सांगितलं ते हेच : शिक्षकांचं टाळणं, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतला दुजाभाव, वसतिगृहातही वेगळं पडणं. म्हणजे ज्या हातांत देशाची नाडी द्यायची, त्या हातांना शिकवणाऱ्यांच्या डोक्यात अजून गावकुसाची भिंत शाबूत. आणि १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. पीएच.डी. करणारा पोरगा, ताऱ्यांवर आणि विज्ञानावर लिहायचं स्वप्न असलेला, होस्टेलमधून बाहेर काढलेला. त्याच्या विद्यापीठात विद्वान कमी नव्हते. त्याला ते विद्वान कितपत उपयोगी पडले, ते देशानं पाहिलं.

तेव्हा मी माझे अर्धे शब्द मागे घेतो. जाहीरपणे घेतो, कारण शिवीगाळ जाहीर केली होती. यादी करणं हा गुन्हा नाही. यादी हवीच. पण ही यादी लपायच्या जागांची आहे, आणि लपायच्या जागांची यादी करणाऱ्याला एक रोग जडतो. त्याला शत्रू आणि मित्र एकाच रंगाचे दिसायला लागतात.

पुरावा देतो. ती दोन तांबडी नावं. मी विचारलं, पहिला का डेंजर? उत्तर : 'तोच तो, पूर्ण नाव विचारणारा.' बरं. आणि दुसरा? 'ते? नाही दादा, ते तसले नाहीत. ते फार छळतात. निबंध तपासून परत देतात. म्हणतात, हे तुझं वाक्य नाही, गाईडातलं आहे, पुन्हा लिहून आण. तीन तीनदा लिहायला लावतात.'

बघा! ज्यानं आडनाव विचारलं तोही डेंजर, आणि ज्यानं 'तुझं वाक्य कुठाय?' असं विचारलं तोही डेंजर. एकानं तुम्हाला जातीत परत ढकललं. दुसऱ्यानं तुम्हाला माणूस समजून तुमचं म्हणणं मागितलं. तुम्ही दोघांना एकच तांबडं पेन लावलं. पहिल्याचं काय बिघडलं? काहीच नाही. त्याच्या वर्गात आपली पोरं गेली नाहीत, त्याला तेच हवं होतं. नुकसान झालं ते दुसऱ्याचं आणि तुमचं. आपली भीती अशी त्यांच्या कामाला येते.

आता थोडा इतिहास. कुणी म्हणेल हमालाला कसला इतिहास. अरे, इतिहास हमालानंच वाहून आणलाय.

इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथलं विद्यापीठ युरोपातलं सगळ्यात जुनं म्हणून मिरवतं. तिथं विद्यार्थ्यांचीच युनियन होती. युनिव्हर्सिटी हा शब्दच मुळात लॅटिनमध्ये संघ, एकजूट झालेल्यांची टोळी, या अर्थाचा आहे. म्हणजे आज ज्याच्या फाटकावर वॉचमन आपल्याला अडवतो, तो शब्द आमच्या गोदीतल्या युनियनचा सख्खा भाऊ निघाला! या युनियननं मास्तरांना नियम घातले होते. १३१७ सालचे नियम आजही नोंदलेले आहेत. मास्तरानं परवानगीशिवाय एक दिवससुद्धा दांडी मारायची नाही. शहराबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवून जायचे. घंटा झाली की सुरू, पुढच्या घंटेला एका मिनिटात बंद. पुस्तकातलं अवघड प्रकरण गाळायचं नाही, अवघड शंका तासाच्या शेवटावर ढकलायची नाही. आणि नेहमीच्या व्याख्यानाला पाच विद्यार्थीही जमले नाहीत, तर मास्तर गैरहजर धरून दंड.

वाचा परत. अवघड प्रकरण गाळायचं नाही, म्हणून दंड! त्या पोरांनी अवघड भाग टाळणाऱ्या मास्तराला गुन्हेगार ठरवलं, आणि आपण त्याला आवडता ठरवतोय. अर्थात तीही काही कामगारांची पोरं नव्हती. पैसेवाल्यांची होती, स्वतःच्या पैशानं मास्तर पोसत होती, म्हणून तो माज करू शकली. पण पैसे मोजलेल्या वस्तूत काटा मारलेला त्यांना खपत नव्हता. आपले आईबाप तर पैशांबरोबर कंबरडंही मोजतात. आपल्याला का खपावा?

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठात स्लेट नावाची विद्यार्थ्यांची डावी संघटना होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं विद्यापीठाच्या अधिकृत विषयपुस्तिकेला जोड म्हणून स्वतःची पुस्तिका छापायला घेतली. कुठला प्रोफेसर कसा शिकवतो, कुठला विषय पोकळ आहे, हे त्यात छापील अक्षरात. कुजबुज नाही, छापील. आणि १९६४ साली त्याच बर्कलेत बोलण्याच्या स्वातंत्र्याचं मोठं आंदोलन उभं राहिलं. पुस्तिकेमुळं आंदोलन झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना प्रोफेसराबद्दल उघड लिहायची सवय लागली, त्यांना कुलगुरूबद्दल उघड बोलायला वेगळी छाती लागत नाही, एवढं तर कळतं.

आणि घरचं उदाहरण विसरू नका. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी चांगला मास्तर कसा असावा ते सांगून ठेवलंय. मास्तर होता होईल तो शेतकरी जातीतला, तयार केलेला असावा, पोरांच्या आईबापांत मोकळेपणानं मिसळणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराची तासणी हातात धरायला त्याला लाज वाटू नये. त्याच निवेदनात त्यांनी सरकारला हिशेब विचारला : रयतेच्या घामाचा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर का खर्च करता? बघा, जोतीरावांच्या शेऱ्याच्या रकान्यात 'स्वभाव चांगला' नाही, 'नोट्स देतात' नाही. मास्तर श्रमाकडं आणि श्रम करणाऱ्याच्या पोराकडं कसा बघतो, एवढंच आहे. ही यादी दीडशे वर्षांला टेकली. अजून आपल्या भिंतीवर लागली नाही.

आता त्या तसबिरीकडं बघा, जिच्या खाली बसून तुम्ही यादी करत होता.

त्यांचेही आवडते सर होते. १९३० साली कोलंबिया विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी लिहिलंय की आयुष्यातले सगळ्यात चांगले मित्र मला कोलंबियात मिळाले, काही वर्गमित्र आणि माझे थोर प्राध्यापक. आणि नावं दिलीत : जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन. शिक्षणशास्त्राचा डोंगर, इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ, पुन्हा इतिहासकार. यातला एक तरी सोपा होता काय? १९१३ ते १९१६, बडोद्याच्या स्कॉलरशिपची तीन वर्षं. त्या तीन वर्षांत या माणसानं विषय किती घेतले? अर्थशास्त्राचे २९. इतिहासाचे ११. समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मन एकेक. बेरीज करा, ६० होते. पदवीला लागतात तेवढे घेऊन गप्प बसले नाहीत. भुकेला माणूस पंगतीत ताटाचा हिशेब करत नाही, पुढं येईल ते वाढून घेतो, तसं वाढून घेतलं. मानववंशशास्त्राच्या गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ ला त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. म्हणजे आपल्या जखमेचा त्यांनी विषय केला आणि तो प्रोफेसरांसमोर मांडला. आपण काय करतो? जखम झाकून सोपा विषय घेतो.

आणखी एक गोष्ट, ही मला फार आवडते. लंडनला त्यांचे प्रोफेसर होते एडविन कॅनन. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ छापला तेव्हा प्रस्तावना कॅननची. त्या प्रस्तावनेत कॅनन उघड सांगतो की या पुस्तकातली बरीच मतं मला पटत नाहीत. आणि तरी त्याच्या विचारातल्या ताजेपणाची तारीफ करतो आणि आपलं नाव त्या पुस्तकाला जोडतो. याला म्हणतात सर! चेल्याचं मत आपल्यापेक्षा वेगळं निघालं तर त्याचे मार्क कापत नाही, त्याला प्रस्तावना देतो. तुमच्या चार्टपेपरावर एक रकाना असा काढा : 'सरांच्या विरुद्ध लिहिलं तर काय होतं?' त्या एका रकान्यात अर्धं कॉलेज नापास होईल.

आणि तेच बाबासाहेब सर झाले तेव्हा? १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवलं. दुसऱ्या कॉलेजांची पोरं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसायची. आणि त्याच कॉलेजात प्रोफेसरांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये म्हणून काही विद्वान कुरकुरत होते. पोरांनी शिकवण्याची परीक्षा केली आणि प्राध्यापकांनी जातीची. यातलं शहाणं कोण, ते तुम्हीच सांगा. म्हणून मी म्हणतो, पोरांची शिफारस ही हलकी वस्तू नाही. ती खरी केली तर प्राध्यापकांच्या खोलीपेक्षा जास्त खरी असते.

पण खरी करा. आणि एक दुसरं टोकही सांभाळा. आवडता सर म्हणजे देव नव्हे. आपल्याकडं पायाला हात लावल्याशिवाय सर आवडल्यासारखं वाटतच नाही. आवडत्या मास्तराचं नाव सांगणारा पहिला विद्यार्थी एकलव्य. ज्यानं वर्गात घेतलं नाही त्याचाच पुतळा करून बसला, आणि फी म्हणून अंगठा दिला. शिकवणी शून्य, फी अंगठा! तरी हजारो वर्षं आपल्याला शिकवतात की हा आदर्श विद्यार्थी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हा अधःपाताचा आणि हुकूमशाहीचा रस्ता आहे. वर्गातली भक्ती त्या रस्त्याची बालवाडी आहे. आपल्या जातीचा सर आहे म्हणून डोळे मिटून चांगला, हेसुद्धा खपवून घेऊ नका. आपलाच सर तास बुडवून पुढाऱ्यांच्या मागं फिरत असेल, तर त्याचं नावही तांबड्या पेनानंच लिहा. उलट दुसऱ्याच्या जातीतला कुणी तुम्हाला तीनदा निबंध लिहायला लावत असेल, तर त्याचं नाव सगळ्यात वर लिहा. त्याच्या जातीनं नाही, त्याच्या तासानं त्याला मोजा.

आता शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यात खाली दडलेली.

त्या कागदावर एक नाव खोडलेलं होतं. विचारलं, हे का खोडलं? सगळी एकदम बोलायला लागली. 'ते सर बेस्ट होते दादा.' 'तास संपला तरी जिन्यात उभं राहून सांगायचे.' 'स्वतःची पुस्तकं द्यायचे.' 'मला फॉर्म भरायला त्यांनी पैसे दिले.' मग खोडलं का? 'यंदा नाहीत. तासिका तत्त्वावर होते. परत बोलावलं नाही.'

तासिका तत्त्व! काय झकास नाव शोधलंय. यात तास आहे, तत्त्व कुठाय? जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, पेपर तपासत रात्र घालवली तिचे नाहीत. तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडतील याचा भरवसा नाही. वर्ष संपलं की माणूस संपला. पुढच्या वर्षी परत अर्ज, परत मुलाखत, परत हात जोडा. पीएच.डी. झालेली, नेट-सेट झालेली माणसं महाराष्ट्रभर अशी वर्षानुवर्षं राबतायत, पांढरे केस झाले तरी 'तात्पुरती'. च्यायला, हे तर आमचंच आहे! आम्हालाही ठेकेदार बोट लागली की बोलावतो, बोट सुटली की ओळख विसरतो. गोदीत याला ठेका म्हणतात, कॉलेजात तत्त्व म्हणतात.

म्हणजे हिशेब असा झाला. तुमचा सगळ्यात आवडता सर हा तुमच्या बापाच्याच टोळीतला निघाला. कायम असलेला हजेरी लावून घरी जातो, आणि हंगामी असलेला जिन्यात उभं राहून शिकवतो. आणि त्याला काढल्यावर तुम्ही काय केलं? नाव खोडलं. एवढंच. मोर्चा नाही, निवेदन नाही, प्राचार्याच्या केबिनबाहेर दहा मिनिटांचा ठिय्या नाही. खोडरबरासारखं पेन फिरवलं आणि त्या जागी 'हजेरी लावतात' वाल्याचं नाव लिहिलं. ज्या दिवशी टोळीतला माणूस विनाकारण कमी केला जातो, त्या दिवशी आम्ही अडाणी हमाल निदान आकडी खाली ठेवून विचारतो तरी, का म्हणून? तुम्ही तर पदवीधर होणार आहात.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. तो चार्टपेपर फाडू नका. उलटा करा. मागची बाजू कोरी आहे. नवे रकाने आखा.

हा सर पूर्ण नाव विचारतो काय, आणि विचारून काय करतो? तास घेतो काय? अवघड प्रकरण गाळतो की शिकवतो? इंग्रजी न समजलेल्याला मराठीत परत सांगतो काय? निबंध परत लिहायला लावतो काय? त्याच्याशी वाद घातला तर मार्क कुठं जातात? तोंडी परीक्षेत सगळ्यांना सारखे प्रश्न टाकतो काय? आणि सर कायम आहे की ठेक्यावर, आणि ठेक्यावर असेल तर यंदा त्याच्यासाठी आपण काय करणार आहोत?

विषयांचंही तसंच. 'सोपा' हा शब्द कागदावरून हद्दपार करा. ज्या विषयानं आपल्याला लुटलं तो विषय घ्या. कर्जाच्या कागदावर बापाचा अंगठा घेतला, तर कायदा घ्या. आकड्यांनी फसवलं, तर आकडेशास्त्र घ्या. बजेटात आपला वाटा कुठं गायब होतो ते कळत नाही, तर अर्थशास्त्र घ्या. इंग्रजीनं थोबाडीत मारली, तर इंग्रजीच घ्या. अवघड जाईल. जाऊ दे. पहिल्या दिवशी मलाही कॉइलखाली उभं राहायची भीती वाटली होती.

आणि त्या पोरीला मी सांगितलं, नववा प्रश्न विचारणाऱ्याबद्दल कागदावर कुजबुज नको. तारीख घाल, वेळ घाल, प्रश्न घाल, शेजारी कोण बसलं होतं ते घाल. चार जणींचं एकत्र करा, सह्या करा, कॉलेजात द्या, पोच घ्या. एकटीनं देऊ नको. एकटा माणूस तक्रार करतो, दहा माणसं मागणी करतात. ती म्हणाली, 'आणि त्यानं मार्क कापले तर?' मी खोटं बोललो नाही. म्हणालो, कापेल कदाचित. पण आज तो कापतोय आणि कुणाला कळतही नाही. उद्या कापेल तेव्हा दहा जणींसमोर कापावे लागतील. ती काही बोलली नाही. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसली. मग तिनं कागद उलटा केला.

नव्या यादीत पहिलं नाव मी घातलं. मला कॉलेजचा सर नाही, म्हणून रात्रशाळेतले माझे मास्तर घातले. दिवसभर गोणी उचलून आम्ही वर्गात यायचो आणि बाकावर डोकं टेकून झोपायचो. त्यांनी आम्हाला कधी उठवलं नाही, आणि त्या झोपेवर कधी पडदाही टाकला नाही. सुटायच्या आधी दहा मिनिटं ते सगळ्यांना जागं करायचे, फळ्यावर त्या दिवसाचं सगळं सार परत लिहायचे आणि म्हणायचे, 'झोपलात त्याबद्दल माफ आहे. शिकला नाहीत, त्याबद्दल माफी नाही.' मग एकेकाला फळ्यापाशी बोलावून विचारायचे. माझ्या दहावीच्या सर्टिफिकिटावर बोर्डाचा शिक्का आहे, पण खरा दोर त्यांनी बघितला होता.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : 'डेंजर. जरूर घ्या.'

आता पाळीची वेळ झाली. बोट लागलीय. परत येताना उद्या सकाळी अभ्यासिकेत डोकावणार आहे. यादी पूर्ण झालेली दिसली पाहिजे, आणि ते खोडलेलं नाव परत लिहिलेलं.